कुंकू लावलेली हार्ड डिस्क

मी बोलतेय, भांडुपला टेंभीपाड्यात घोगळ्यांच्या घरी राहणारी हार्ड डिस्क. कॉम्प्युटरचा लोखंडी डबा उघडलात तर डाव्या अंगाला स्क्रूंनी जखडलेली दिसेन. कपाळाला कुंकू आहे. त्या कुंकवापायी मी पुसली जाता जाता राहिले, तेच सांगायचंय.

माझा जन्म कुठल्या मुलखातला ते मला ठाऊक नाही. पोटात चकचकीत थाळ्या आहेत, त्या गरगर फिरतात आणि एक बारीकसा हात त्यांवरून पळतो. एवढाच माझा संसार. पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. चौदा वर्षं झाली, विचारा काहीही.

या घरात मला आणलं श्वेताने. सून म्हणून आली आणि महिन्याभरात टायपिंगची कामं घ्यायला लागली. लग्नाच्या पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं माझ्या पोटात. माणसांची एक गंमत सांगते. कामाच्या कागदाला नाव देतात ‘फायनल’. दुसऱ्या दिवशी ‘फायनल दोन’. मग ‘हेच फायनल’. आणि गुड मॉर्निंगची गुलाबाची फुलं मात्र वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

पण माझ्याकडची खरी ठेव वेगळी आहे. श्वेताचे सासरे धाकूबुवा. गिरणी सुटल्यावर त्यांनी भजनी मंडळ धरलं. गावच्या घरी गणपतीपुढे सगळ्या घरासाठी मागणं मागायचं, ते गाऱ्हाणंही तेच घालायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, आवाज जाईल. तेव्हा आठ दिवस श्वेताने त्यांना माझ्यासमोर बसवलं, माईक लावला आणि म्हणवून घेतलं. एक्केचाळीस भजनं आणि एक गाऱ्हाणं. नवव्या दिवशी ते दवाखान्यात गेले आणि परत आले ते मुके होऊन. आता काही हवं असलं की बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक करतात.

तो आवाज फक्त माझ्याकडे आहे. श्वेताने एकदा पेन ड्राइव्हवर घेतला होता, तो मंडळात हरवला. पुन्हा घेऊ, पुन्हा घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं.

तर गेल्या दिवाळीनंतर श्वेता घरात सांगायला लागली की आपली सिस्टिम जुनी झाली, तिची डागडुजी कंपनीने थांबवली, नवी या कॉम्प्युटरला झेपणार नाही. म्हणून दुसरी हार्ड डिस्क आणून तिच्यावर लिनक्स नावाची हलकी, फुकटची सिस्टिम घालायची. जुनीही राहील, नवीही चालेल.

जुनीही राहील! हे असं गोड बोलणं मी ओळखते.

ती आली घाटकोपरच्या एका दुकानातून. बघते तर हुबेहूब माझ्यासारखी. तीच कंपनी, तेवढीच जागा, अंगावर चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा तशीच. आणि सेकंडहँड. म्हणजे कुणाच्या तरी घरातून काढलेली. का काढली? तिथे काय करून आली? मी विचारलं, तर तोंड उघडेना. मी मनात म्हटलं, ही माझ्या जागेवर बसायला आलीय.

रविवारी सकाळी श्वेताने डबा उघडला. धूळ झटकायला म्हणून मलाही बाहेर काढलं आणि दिवाणावर पेपर पसरून आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. तिचा बेत शहाणपणाचा होता. नवीवर काम चालू असताना जुनी जोडायचीच नाही, म्हणजे चुकून धक्का लागायला नको. घरात नवी वस्तू आली की रत्नप्रभाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, हळद-कुंकू लावणारच. तेव्हा श्वेताने सांगितलं, आई, नवीला कुंकू लावून ठेवा, मला ओळखायलाही बरं. तेवढ्यात फोन आला आणि ती गॅलरीत गेली.

रत्नप्रभाबाई करंडा घेऊन आल्या. नवी कुठली ते त्यांना बरोबर कळलं. तिची पिशवी त्यांनीच तर फोडली होती. पण बोट कुंकवात बुडवलं आणि ते टेकलं माझ्या कपाळावर. धाकटीचं बघू म्हणेपर्यंत दूध उतू गेल्याचा वास आला आणि त्या आत पळाल्या.

श्वेता परतली. कुंकू दिसलं ती उचलली आणि डब्यात जोडली. ती मी होते.

माणसांशी मला बोलता येत नाही. खोलीत आणखी एकाला बोलता येत नव्हतं, आणि त्याने सगळं बघितलं होतं. टकटक ऐकू आली. “चहा देते हां बाबा, एवढं होऊ दे,” श्वेता म्हणाली. टकटक जोरात झाली.

पडद्यावर आलं की या डिस्कवर आधीचं सामान आहे. श्वेता स्वतःशीच पुटपुटली, सेकंडहँड ना, कुणाचं तरी असणार, टाकू पुसून. पुढचा प्रश्न आला, सगळी डिस्क पुसायची, नक्की ना? तिच्या माऊसचा बाण ‘हो’कडे सरकताना मला कळत होता. एक्केचाळीस भजनं. एक गाऱ्हाणं.

आणि अंधार.

धाकूबुवांनी उठून भिंतीतला प्लग उपटला होता.

“बाबा, हे काय हो? आता परत पहिल्यापासून!” श्वेता वैतागली. बुवांनी दिवाणाकडे बोट केलं. तिथे दूध आवरून परत आलेल्या रत्नप्रभाबाई मागे राहिलेल्या डिस्कला कुंकू लावत होत्या.

“आई, तुम्ही हिला आत्ता लावताय? मग मघाशी?”

“मोठेक लावलंय गो. मान आधी मोठेचो. धाकटेक आता लावतंय.”

श्वेताने डब्यात डोकावून माझं कुंकू बघितलं. मग तिने मला एकटीला नीट जोडून पहिलं भजन लावलं. बुवांचा आवाज खोलीत आला. बुवा खिडकीबाहेर बघत राहिले.

“जरा मोठो कर गो,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

त्यानंतर लिनक्स बसलं, योग्य त्याच डिस्कवर. आम्ही दोघी आता एकाच डब्यात आहोत. कॉम्प्युटर सुरू झाला की विचारतो, कुणाकडे जायचं? बहुतेक वेळा तिच्याकडे जातात. पहिल्याच दिवशी श्वेताने सगळी भजनं तिच्यावरही उतरवली. मी एकेक मोजून दिलं. ती सांभाळतेय असं म्हणते. मला अजून तिचा भरवसा नाही.

आणि खरं सांगू? माझाही धरू नका. हल्ली थाळी फिरताना आतून टिक टिक होते. मी कुणाला सांगितलेलं नाही. श्वेता, आम्ही दोघी एकाच डब्यात, एकाच प्लगवर आहोत. बुवांचा आवाज तिसऱ्या ठिकाणी ठेव, या घराबाहेर, कुणाच्या तरी हातात. आज ठेव. पुन्हा घेऊ म्हणू नकोस.