गाणं न लावता

लाल दिवा लागला, मोहरीएवढा, आणि लागलेलाच राहिला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर चालू झाला असं त्याने धरलं... धरलं, कारण दिव्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता. खोली होती तशीच होती, खुर्च्या भिंतीला सारलेल्या, समोर थोरल्या भावाचे दोन स्पीकर, कपाटाएवढे, भोंग्यांचे जबडे उघडे – भाऊ गेला, वहिनीने खोली रिकामी करायला काढली आणि म्हणाली, भावजी, तुम्हीच न्या, नाहीतर भंगारात जातील – आणि त्यांच्यामागे गुडघ्यावर बसून तारा आवळणारा दुकानदार. दोन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला होता. एक मोठा, एक डब्याएवढा.

"गाणं लावायचं नाही," दुकानदार म्हणाला. "गाण्यावर कुणीही भुलतं. हे स्पीकर म्हणजे हलक्या कानाची माणसं. अ‍ॅम्प्लिफायर नुसता पुटपुटला तरी गावभर करतात. यांना जोर नकोच, घोटभर विजेत घर दणाणेल. फक्त मागून कचरा यायला नको. लावा कान."

त्याने कान लावला. डोळे आपोआप मिटले, श्वास आपोआप थांबला, उजवा खांदा किंचित खाली गेला – अंगवळणी पडलेलं. सगळं आयुष्य तो असाच उभा राहिला होता, पाणीखात्याची लोखंडी सळई जमिनीतल्या नळावर टेकवून, दुसरं टोक कानाशी धरून, रस्त्याखालची गळती ऐकत. मोठी गळती घरघरते. बारीक गळती सुंसुं करते, आणि बारीकच वाईट, ती न दिसता माती खात राहते. खात्यात म्हणायचे, याचा कान म्हणजे कान नाही, विहीर आहे.

"एकदम शांत," तो म्हणाला. "हाच घेऊ."

दुकानदार हसला. "चेष्टा करता राव."

चेष्टा? तो पण हसला. हसावं लागतं.

स्वयंपाकघरातून बायको दारात आली, ओले हात झटकत. "काय सुंसुं लावलंय मघापासून? गॅस राहिला की काय म्हणून मी दोनदा बघून आले."

"गॅस नाही वहिनी, हा मोठा आहे. दांडगा आहे, दुसऱ्या स्पीकरवर ऐका, मुका वाटेल. पण या भोंग्यांपुढे याचं पोट उघडं पडतं." दुकानदाराने मागे हात घालून बटण बंद केलं. "आता?"

"आता बरं वाटलं," बायको म्हणाली.

आता. म्हणजे मघाशी होतं आणि आता नाही. आणि मधे... मधे काही नव्हतं. त्याच्यासाठी एकाच शांततेचा एक तुकडा होता, न फाटलेला.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. दुकानदाराने लावला. बायकोने तोंड वाकडं केलं. बंद. तिचा चेहरा सैलावला. तो आता भोंग्याकडे बघतच नव्हता, बायकोच्या कपाळाकडे बघत होता. आठी आली की आवाज आहे, आठी गेली की नाही... माझ्या घरात, माझ्या समोर, हातभर अंतरावर आवाज आहे आणि मी तो बायकोच्या कपाळावर वाचतोय.

"अहो, तुम्हाला खरंच येत नाहीये का ऐकू? की कान धुवायला टाकलेत?"

"येतंय ग. मुद्दाम म्हटलं."

मुद्दाम. – त्या गल्लीत पण सळई अशीच धरली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरासमोर. भिंत ओलसर वाटते म्हणून त्यांनीच तक्रार केली होती. मशीनचा आवाज मधे नको म्हणून त्यांनी चाकावर पंजा ठेवून ते धरून ठेवलं, शिवण अर्धी, सुई कापडात रुतलेली, आणि खिडकीतून बघत राहिल्या. किती वेळ. मी डोळे मिटले. मी श्वास धरला. मी ऐकलं, देवाशपथ ऐकलं, कामचुकारपणा नाही केला, आणि काही नव्हतं.

"झालं का भाऊ? चालवू?"

"चालवा ताई. कोरडं आहे."

पंधरवड्याच्या आत भिंत खचून पडली. बाई आत होत्या. चौकशीत साहेबांनी विचारलं, आवाज होता? नव्हता, साहेब. साहेबांनी मान डोलावली, त्याच्या कानावर कोण शंका घेणार? पाण्याने नंतर वाट काढली असेल, असं ठरलं. तोही तसंच मानून चालला होता. झोप मात्र लागत नव्हती, नुसती शांतता अंगावर यायची, म्हणून रजा काढली होती, आणि बायकोच म्हणाली होती, स्पीकर पडून आहेत, अ‍ॅम्प्लिफायर आणा, घरात गाणं वाजू दे.

रजा आज संपत होती. उद्या बालवाडीमागची गल्ली. तिथेही भिंत ओलसर...

दुकानदाराने डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. "हा बघा. चालू आहे, पण आहे का काही?"

"नाही. खरंच नाही," बायको म्हणाली. "हाच ठेवा."

"राव?"

दोघं त्याच्याकडे बघत होते. उत्तर फार सोपं होतं, बायकोने ते आयतं दिलं होतं, नुसतं हो म्हणायचं.

"मोठा," तो म्हणाला.

"अहो! तो सुंसुंवाला?"

"तोच."

"मग मी या खोलीत पाऊल टाकायची नाही."

"नको टाकूस."

दुकानदाराने खांदे उडवले, मोठा परत जोडला, छोटा उचलला, गिऱ्हाईक डोक्यावर पडलंय असा चेहरा केला आणि गेला. बायकोने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

तो भोंग्यासमोर बसला. चांगलं कान देऊन. ते सुंसुं इथे होतं, त्याच्या तोंडावर येत होतं, दाराआडच्या बायकोला छळत होतं, आणि त्याच्यापर्यंत येऊन... येतच नव्हतं. साहेबांना आज फोन करायचा का? काय सांगायचं? कधीपासून म्हणून विचारलं तर? कधीपासून... तो मागे जाऊ लागला. शिवणवाल्या बाईंच्या आधीची गल्ली, तिच्या आधीची उतारावरची, तिच्या आधी दवाखान्यामागचा बोळ, प्रत्येक ठिकाणी मिटलेले डोळे, धरलेला श्वास, आणि मग ते दोन शब्द, मोठ्या विश्वासाने म्हटलेले. गल्ल्या एकामागून एक समोर येऊन उभ्या राहत होत्या, आणि त्यांतली एकही आता कोरडी म्हणून पुढे जायला तयार नव्हती.