पाकटींच्या टाकीतला आडपडदा

मी एक जुना आडपडदा आहे. घरातली माणसं मला पार्टिशन म्हणतात. नाव काहीही द्या, काम एकच: दोघांच्या मधे उभं राहायचं आणि दोघांचाही राग सोसायचा.

मित्रांनो, माझी गोष्ट मला एका दमात सांगता येणार नाही, कारण मला दोन अंगं आहेत. म्हणून कधी या अंगाचं सांगेन, कधी त्या अंगाचं. तुम्ही माझ्यासारखे मधे उभे आहात असं समजा.

माझी पहिली नोकरी औषधांच्या दुकानात होती. मी गल्ल्यापुढचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तक्ता होतो आणि माझ्या मधोमध बोलण्यासाठी एक गोल झरोका होता. माणसं त्या झरोक्याशी तोंड आणून आपलं दुखणं सांगत. किरकोळ सर्दी झालेला माणूस दुकान डोक्यावर घ्यायचा. ज्याला खरंच खूप दुखत असे, तो इतका हळू बोलायचा की दुकानदाराला दोनदा विचारावं लागे. हे मी तिथं पाहिलं. पुढे ते उपयोगी पडेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दुकान मोडलं तेव्हा एका म्हाताऱ्या काचवाल्याने मला उचलून घरी आणलं. आयुष्यभर काचा कापून त्याचे हात थरथरू लागले होते, म्हणून त्याने धंदा बंद केला होता. पण चांगला तक्ता भंगारात गेलेला त्याला बघवत नसे. त्याच्या बायकोला एक पार्टिशन हवंच होतं. घराच्या मागच्या खोलीत मोठी टाकी ठेवून ती पाकटी पाळायची.

पाकट हा ताटासारखा चपटा मासा. लांब शेपूट, शेपटीवर विषारी काटा, आणि सगळा संसार तळाशी, वाळूत. या पाकटी गोड्या पाण्यातल्या होत्या. पाकट अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. पण त्याआधी नर तिच्या मागे लागतो आणि तिच्या अंगाची कड दातांत धरून ठेवतो. त्यात काही दुष्टपणा नाही, त्यांची रीतच ती. मात्र रीत आहे म्हणून जखम कमी दुखते, असं नाही. मादी पोटुशी राहिली तरी नर थांबत नाही. तेव्हा मधे कुणीतरी लागतं.

काचवाल्याने मला टाकीच्या मापाने कापलं, पाणी खेळावं म्हणून अंगभर भोकं पाडली आणि झरोक्यावर नायलॉनच्या दोऱ्याने जाळी शिवली. बायकोने माझ्या पायाशी बोट फिरवून पाहिलं. पाकटीला तळाशी एवढीशी फट मिळाली की ती नाक घालून अख्खं पार्टिशन उचलते.

"पुन्हा घासा," ती म्हणाली. "तुमची नजर सगळी वर. माझे मासे खाली राहतात."

त्याने कुरकुरत पुन्हा घासलं.

नराला तिने जावईबापू असं नाव ठेवलं होतं. सगळ्यांच्या आधी जेवायचं आणि सगळ्यांच्या आधी रुसायचं, म्हणून. मादीला ती थोरली म्हणायची. "जावईबापूंचं झालं का जेवण?" असं ती रोज विचारायची आणि काचवाला म्हणायचा, "झालं, पण पान गोड लागलं नाही म्हणतात."

अशी बरीच वर्षं गेली. थोरलीच्या कडेवर दातांचे ताजे वण दिसले की मी आत. पिल्लं झाली, ती वेगळ्या टाकीत गेली, जखम भरली, की मी बाहेर. पाहुणे येत, पिल्लांचं कौतुक करत आणि माझ्याकडे बघून विचारत, "हे मधे काय लावलंय? नीट दिसत नाही." मला वाईट वाटे. पण काचवाल्याची बायको मऊ फडक्याने माझ्यावरचं शेवाळ पुसायची, दोन्ही अंगांनी, सारखंच. तेवढ्यावर मी खूश होतो.

मग एकदा त्यांची लेक आली. आठवड्याच्या मधेच, एक पिशवी घेऊन. सहज राहायला आले म्हणाली.

पाकटींच्या खोलीत कायम ऊब असते. तिथं येणारा प्रत्येक जण आधी बाह्या वर सारतो. लेकीने थोरलीला खाऊ घालायला हात पाण्यात घातला, तो पुऱ्या बाहीसकट. कोपरापर्यंत कापड भिजलं. आईने ते पाहिलं. त्या दिवसापासून जावईबापूंचं जेवण झालं का, असं कुणी विचारेना.

जावयाचा फोन रोज येऊ लागला. काचवाला याच खोलीत येऊन बोलायचा, म्हणून मला ऐकू यायचं. फोनवर जावई रडायचा. घर खायला उठतं म्हणायचा, जेवण जात नाही म्हणायचा. काचवाल्याचे डोळे भरून यायचे. आईने एकदा हळूच सांगून पाहिलं, की दोघांना थोडे दिवस लांब राहू द्या, पोर काही बोलत नाही पण तिचं ठीक नाही. त्यावर काचवाला म्हणाला की नवरा-बायकोत आडपडदा नसावा, आणि रविवारी येऊन घेऊन जा, असं त्याने जावयाला सांगूनही टाकलं.

या अंगाला: टाकीतल्या जावईबापूंनी खाणं सोडलं होतं. ते काचेला पोट लावून वर चढत, खाली येत, झरोक्याच्या जाळीवर नाक घासत आणि मला धडका देत. खोलीत पाऊल टाकताच तेच दिसायचं.

त्या अंगाला: वाळू. वाळूत निजलेली थोरली, पोटुशी, कडेवर ताजी जखम. बघण्यासारखं काहीच नाही.

मित्रांनो, धडका देणारा सगळ्यांना दिसतो. वाळूत गप पडलेलीचं सगळं बरं चाललंय, असं वाटतं.

शनिवारी आई पिल्लं विकत घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाची टाकी बघायला गेली. जाताना तिने बजावलं होतं, "जखम भरेपर्यंत पार्टिशनला हात लावू नका."

दुपारी काचवाला आत आला. बराच वेळ तो या अंगाला उभा राहिला. "बिचारा," तो म्हणाला. मग त्याने मला दोन्ही हातांनी धरलं, वर ओढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

या अंगाला:

त्या अंगाला:

इथं माझी गोष्ट तुटते. मी मधे नव्हतो, तेव्हा कुठलंही अंग उरलं नव्हतं. मी सुकत होतो आणि पाणी उसळल्याचा आवाज ऐकत होतो. काचवाला तोवर समाधानाने बाहेर जाऊन पडला होता.

संध्याकाळी आई परतली. थोरलीची कड फाटली होती. तिची पिल्लं वेळेआधीच बाहेर पडली होती, बटणांएवढी, आणि त्यांतलं एकही हलत नव्हतं. आईने जाळीने ती एकेक करून उचलली. मग तिने भिंतीला टेकवलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी बसवतो परत," तो म्हणाला. पण त्याचे हात इतके थरथरत होते की मी खाचेत बसेना. लेक पुढे झाली. पार्टिशन खाचेत बसवायचं तर हात दंडापर्यंत पाण्यात घालावा लागतो. ती क्षणभर थांबली. मग तिने बाह्या वर सारल्या.

तिच्या हातावर बोटांचे ठसे होते. काही हिरवे, काही निळे. माझं एक टोक बापाच्या हातात होतं, दुसरं तिच्या. मी खाचेत बसलो, पण दोघांनीही मला सोडलं नाही.

"तू बोलली का नाहीस?" काचवाल्याने विचारलं.

"तो रडत होता ना, बाबा," लेक म्हणाली. "तुम्हाला त्याचंच ऐकू येत होतं."

रविवारी जावई फळांची पेटी घेऊन आला. तयारी झाली का, असं त्याने विचारलं. काचवाल्याने त्याला चहाही न विचारता या खोलीत आणलं आणि त्या अंगाला उभं केलं. थोरली वाळूत होती. फाटलेली कड पाण्याबरोबर हलत होती.

जावई वाकून बघून म्हणाला, "माशांमध्ये होतंच की हे असं."

"होतं," काचवाला म्हणाला. "पण तो मासा आहे, त्याला कळत नाही. म्हणून आम्ही मधे पार्टिशन घालतो. तुला कळतं. तरी आता घालावं लागतंय." मग तो खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. पलीकडे लेक होती. "ती येणार नाही. पेटी घेऊन जा."

जावई आधी हसला, मग रडला, मग त्याने दारावर हात आपटला. काचवाला दारातून हलला नाही. मी माझ्यासारखाच एक आडपडदा त्या दिवशी पाहिला.

सगळं ठीक झालं, असं मी सांगणार नाही. फोन अजून येतो. तो वाजला की लेकीच्या हातातलं काम थांबतं. थोरलीची जखम भरली, पण कडेला खाच राहिली, आणि ती अजून झरोक्याजवळ येत नाही. माझ्यावर इतके ओरखडे पडले आहेत की पलीकडचं अंधुक दिसतं. कुणी तरी म्हणालं, नवं पार्टिशन आणा. काचवाला नको म्हणाला. तो आता रोज खोलीत येतो तो आधी त्या अंगाला जातो, गुडघ्यांवर बसतो आणि वाळूकडे बघतो.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी प्लॅस्टिकचा तक्ता आहे, मला दुखत नाही. फक्त कुठंही दोघांच्या मधे उभं राहायची वेळ आली, तर धडकांचा आवाज येतो तिकडे जाण्याआधी एकदा मागे वळून वाळूकडे बघा.