आनंदीची निळी गाडी

तारापूरच्या डायवाल्यांच्या आळीत नरहरीइतका तिरसट माणूस शोधून सापडला नसता. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर फूल, पान, मोराची मान असं काहीबाही उलटं कोरायचं, मग मुंबईचे सोनार त्यावर पत्रा दाबून दागिने काढतात. चाळीस वर्षं नरहरीने हेच केलं. गिऱ्हाईक ‘जरा लवकर द्या’ म्हणालं की हा म्हणायचा, “मग तुमीच कोरा, मी बसतो बघत.” पण हाच गृहस्थ बायकोने माजघरातून नुसतं “अवो” म्हटलं की हातोडी टाकून उठायचा. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू देत बापड्या.

बायको आनंदी, माहेरची घिवलीची. अठ्ठ्याण्णव सालच्या पाडव्यानंतर आठच दिवसांनी ती ओट्यापाशी उभी असता असता कलंडली. अर्धांगवायू. वाकडं झालेलं तोंड महिन्याभरात सरळ झालं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात काही आला नाही. बोटं आत वळलेली, आणि अंगठा पहिल्या बोटाला काही केल्या भेटेना. मिठाची चिमूट धरता येईना की कपाळावर कुंकू टेकवता येईना. डॉक्टर म्हणाले, “रोज हात चालवा. वर्षभरात जेवढं परत येईल तेवढं आपलं. मग बोटं अशीच राहतील.” दाबायला रबराचा चेंडू दिला, तर बाईने तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. म्हणे, “मी काय कुकुलं बाळ हाय?”

आता कॉम्प्युटरचं सांगतो. लेक मंदा पालघरला शिकायला जाऊन-येऊन इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली झाली आणि बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या खात्यात लागली. पोरीने चार वर्षांपूर्वी सुट्टे भाग जमवून घरीच कॉम्प्युटर जोडला होता. पडदा एकाचा, कीबोर्ड दुसऱ्याचा, आणि कॅबिनेटला एका बाजूचं झाकण नाही ते नाहीच. का जोडला? तर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला! रविवार उजाडला की ही बया पडद्यावर गाडी पळवतेय.

एका रविवारी आनंदी शेजारी येऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “मंदा, मला दे गो जरा.” मंदाने खेळायची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, तिच्या उजव्या मुठीत दिली. निळी गाडी थेट झाडावर गेली. पुन्हा दिली, पुन्हा झाडावर. आनंदी इतकी हसली की तिला ठसका लागला. पाडव्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत नरहरीची हातोडी थांबली आणि त्याने गुपचूप डोळे पुसले.

त्या दिवसापासून बाईला नाद लागला. दांडी जाड होती, ती हातातून सुटायची. मग नरहरीने तिच्या मुठीच्या मापाची लाकडी मूठ करून दांडीवर बसवली. मूठ नीट धरता येऊ लागली तशी थोडी बारीक केली, मग आणखी बारीक. दसऱ्यापर्यंत चार मुठी झाल्या. चौथी होती बोटाएवढी, अंगठा आणि दोन बोटांत धरायची. शर्यतीत एक जांभळी गाडी होती, ती दरवेळी शेवटच्या वळणावर आनंदीला मागे टाकायची. आनंदी तिला ‘भवानी’ म्हणायची. “या भवानीला हारवल्याबिगर मी काय मरत नाय,” असं म्हणून रोज दीड-दीड तास खेळायची. नरहरी मनात म्हणायचा, त्या भवानीला उदंड आयुष्य लाभो.

आणि दिवाळीचा फराळ संपता संपता कॉम्प्युटर आजारी पडला.

निळी गाडी भरधाव चाललेली, आणि मधेच चित्र जागच्या जागी थिजलं. गाडीच्या घरघरीचा एकच सूर अडकून टँऽऽऽ असा वाजत राहिला. एकही बटण चालेना. बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक. कधी पाच मिनिटांत अडकायचा, कधी तासभर काही नाही. कधी तर आपला आपणच बंद होऊन नव्याने सुरू व्हायचा. रोज दुखणारं पोट बरं, पण वैद्यासमोर न दुखणारं पोट वाईट, तशातली गत. मंदाचे नाकी नऊ आले.

पण पोरगी बापासारखीच चिवट. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” ती म्हणाली, “नाहीतर काय बिघडलं होतं ते कळणारच नाही.” आधी तिला वाटलं, तापतोय. सायकलच्या पंपाने धूळ उडवली, आतल्या पंख्याला तेल दिलं, टेबलफॅन आणून उघड्या बाजूला लावला. आनंदीला थंडी वाजून शिंका आल्या, कॉम्प्युटरला काही फरक पडला नाही. मग वाटलं, संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल. कारखान्यातून मीटर आणून तीन संध्याकाळी मोजलं, तर वीज चोख. शेजारची साखरबाई येऊन पडद्याला लिंबू-मिरची बांधून गेली. ती मात्र मंदाने आईच्या भिडेखातर तशीच ठेवली.

मग तिची नजर बापाकडे वळली. “बाबा, तुमची हातोडी. भिंत एकच आहे. दणक्याने आतलं काहीतरी हलतंय.”

“चाळीस वर्षं ठोकतोय, घराची एक वीट हालली नाय,” नरहरी उसळला.

“अवो,” आनंदी म्हणाली.

झालं. नरहरीने आपला ठोकळा, छिन्न्या, बसायचा पाट सगळं उचललं आणि परसात चिकूच्या झाडाखाली दुकान थाटलं. आठ दिवस वरून तांबड्या मुंग्या सदऱ्यात पडत होत्या, आणि हा माणूस चकार शब्द न बोलता कोरत होता. नवव्या दिवशी हातोडी पूर्ण बंद असताना चित्र अडकलं, तेव्हा त्याने मंदाकडे असं काही बघितलं की पोरीने मान खाली घातली. दोघांनाही हसू आलं.

“मधे कोणी आत हात घातला होता का?” तिने विचारलं.

“छे!” नरहरी म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मंदाने वायरींच्या जंजाळामागे खुपसलेल्या मेमरीच्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या. बोटाएवढ्या लांब, हिरव्या, खालच्या कडेला धातूचे बारीक दात. तिने त्या खिडकीशी धरल्या आणि बघतच राहिली. “बाबा, हे पिवळे असतात. हे तांबडे कसे झाले? वर हिरवट काळं काय चढलंय?”

नरहरीने चष्मा लावला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारागिराने आपली हत्यारं घासून-पुसून पूजायची, ही वाडवडलांपासूनची रीत. यंदा नरहरीने विचार केला होता की माझ्या छिन्न्या माझं पोट भरतात, पण माझ्या आनंदीचा हात ज्याने हलवला ते हत्यार पूजेबाहेर राहील काय? मंदा कारखान्यात गेल्यावर त्याने उघड्या बाजूने आत डोकावलं. त्या दोन पट्ट्या बाजूचे चाप दाबताच खटकन निघाल्या. कडेला पिवळट, निस्तेज डाग दिसले. डायवाल्याच्या डोळ्याला निस्तेज धातू म्हणजे अर्धवट काम. मग काय, सगळ्यात बारीक पॉलिशपेपर काढला, बांबूची काडी, तेलाचं बोट, आणि दोन तास बसून प्रत्येक दात आरशासारखा लखलखीत केला. परत बसवल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. याला हात घालणं कोण म्हणेल? ही तर पूजा.

त्याने सगळं सांगितलं. मंदा ऐकत होती. रागवावं की बापाला मिठी मारावी, तिला कळेना.

“बाबा, त्यावर सोन्याचं पाणी असतं. अगदी पातळ. सोनं गंजत नाही म्हणून देतात. तुम्ही ते घासून काढलंत, खालचं तांबं उघडं पडलं, आणि आपल्याकडची ही खारी हवा.”

नरहरीने चष्मा काढला. सोन्याच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस, आणि सोनं कळलं नाही! करायला गेला गणपती आणि झाला मारुती. म्हणाला, “आईला नको सांगू.”

मंदाने शब्द दिला, आणि खोडरबराने दात पुसून पट्ट्या बसवल्या. “चार दिवस चालेल. तोवर दुसऱ्या बघते. पण या जुन्या जातीच्या आता मिळत नाहीत.”

चार नाही, दोनच दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी आनंदी शेवटच्या वळणावर भवानीच्या पुढे होती. पहिल्यांदाच! हातभर अंतर राहिलं होतं. आणि टँऽऽऽ.

आनंदीने दांडी सोडली. उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने झाकला. “ऱ्हाऊ दे,” म्हणाली, “आता नाय खेळायचं मला.”

त्यानंतर ती कॉम्प्युटरपाशी फिरकली नाही. पाच दिवस झाले, सहा झाले. नरहरी जेवताना चोरून बघायचा. बोटं पुन्हा आत वळू लागली होती, डाव्या हाताने घास घेत होती. वर्षभर म्हणाले होते डॉक्टर. आठ महिने तर गेले.

सातव्या दिवशी कधी नव्हे तो हातातली डाय अर्धी टाकून तो उठला आणि एसटीने बोईसरला गेला. स्टेशनजवळच्या तिन्ही दुकानांत विचारलं. तिसरा दुकानदार हसला. “चाचा, ये कौन से जमाने का माल है? नया कंप्यूटर ले लो.”

एरवी नरहरीने त्याची शोभा केली असती. पण आज हात जोडले. “भाई, घरवाली का हाथ का सवाल है. दवा समझ के ढूंढो.”

दुकानदाराला काय कळलं देव जाणे. त्याने मागच्या खोलीतून मोडक्या यंत्रांचं खोकं आणून समोर ओतलं. नरहरी दुपारभर फरशीवर बसून शोधत होता. शेवटी दोन पट्ट्या निघाल्या, तशाच, पिवळट आणि निस्तेज. किती सुंदर दिसल्या त्या त्याला! बोट न लावता रुमालात गुंडाळल्या आणि घरी येईपर्यंत पोटाशी धरल्या.

मंदाने पट्ट्या बसवल्या. शर्यत आपोआप चालू ठेवली. शनिवार गेला, रविवार सकाळ गेली, एकदाही अडकलं नाही. “आई, ये. बरा झाला बघ.”

आनंदी उठली नाही.

“बरा झालाय आनंदी, मी सोता बघितलाय,” नरहरी म्हणाला.

“मी हात लावला का परत पडंल.” तिने उजवा हात पदराखाली घेतला. “तुमी दोघं काय काय करता, मी बघतंय. तिकडं झाडाखाली बसलात, मुंग्या खाल्ल्यात. पण दोष मशीनचा नायच. हा माजा हात मेलेला हाय. जितं लागंल तितं तेबी मरतं. त्याला नका आता कुटं लावायला लावू मला.”

मंदाने बापाकडे पाहिलं. आईला न सांगण्याचा तिने शब्द दिला होता.

नरहरी उभा होता तिथून येऊन आनंदीच्या पायाशी बसला. असल्या तिरसट माणसाला माफी मागायची कशी ते माहीत नव्हतं. उभ्या जन्मात मागितली नव्हती.

“तुजा हात नाय,” तो म्हणाला. “माजा हात. खंडेनवमीला मी ते आतलं काढून घासलं. चकचकीत केलं. त्याच्यावरचं सोनं मीच घालवलं. मंदाला ठावं हाय. तुला सांगायची लाज वाटली मला.”

आनंदीने विचारलं, “कवा कळलं तुमाला?”

“धा-बारा दिस झालं.”

“आणि मी हितं माज्या हाताला शिव्या घालत बसलंय!” ती कडाडली. “रातभर रडलंय मी! सांगायला काय जीभ झडली होती? म्हणे पूजा! मेल्या, घासायला दुसरं काय मिळालं नाय?”

पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकेरी हाक मारली नव्हती. नरहरीने मान खाली घातली. आणि आनंदीने पुढे झुकून त्याचा कान धरला.

उजव्या हाताने.

अंगठा इकडून, बोट तिकडून, आणि मधे कानाची पाळी. धरला, पिळला आणि ओढला. तिच्या ध्यानातही नव्हतं. ती अजून बोलतच होती, लाज काढत होती, वाडवडलांपर्यंत पोचली होती. नरहरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“आई!” मंदा ओरडली. “आई, कान लाल झालाय त्यांचा—”

“गप, मंदा,” नरहरी म्हणाला. “धरू दे तिला.”