किंकाळीकाका

"काका, आता मानेत गोळी. आणि मरताना घाई नको," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

किंकाळीकाकांनी डावा हात पोटावर ठेवला, मान कलती केली आणि असे काही ओरडले, की स्टुडिओत नवीन लागलेल्या मुलीच्या कपातला चहा हिंदकळला. पण खरी करामत पुढेच होती. किंकाळी विरली, क्षणभर सगळं शांत झालं, आणि मग त्यांनी एक छोटासा श्वास आत ओढला. काहीतरी सांगायचं होतं आणि राहून गेलं, असा.

"हा श्वास दुसऱ्या कुणाला जमत नाही बघ," रेकॉर्डिंगवाला त्या मुलीला म्हणाला. "आपल्या गेममध्ये हा श्वास आला की माणूस मेला, नाही आला तर नुसता जखमी."

उमेदीत काकांनी नाटकातले राजे केले, साबणाच्या जाहिराती केल्या, पण पोट भरलं ते मरण्यानेच. सैनिक, दरोडेखोर, पहारेकरी, सगळे त्यांच्याच गळ्यातून मेले. "मी मरतो म्हणून घर चालतं," असं ते हसत सांगायचे. विनोद शिळा झाला होता, तरी लोक हसायचे.

घरी आले तर त्यांची मुलगी ऑफिसचे कपडेही न बदलता स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचा चेहरा बघूनच काका समजले, आज काही खरं नाही.

"बाबा, शाळेत बोलावलं होतं मला. बारक्याने एका मुलाला जिन्यावरून ढकललं. हात मोडलाय त्याचा."

"अगं, पोरंच ती. आमच्या वेळी काय कमी डोकी फुटली? तेव्हा कुठे होते गेम?"

"ढकललं त्याचं एवढं नाही हो. बाई म्हणाल्या, तो मुलगा खाली पडला आणि हा वर उभा राहून बघत होता. हसला नाही, पळाला नाही, घाबरलाही नाही. नुसता बघत होता." "माझं पोर दगड तर नाही ना झालं, बाबा?"

आतल्या खोलीतून काकांचीच किंकाळी आली, मागोमाग तो श्वास. मग दुसरी किंकाळी. नातू दिवसभरात आजोबांना किती वेळा मारत होता, देव जाणे. आजवर काकांना त्याचं कौतुकच वाटायचं.

ते आत जाऊन पलंगाच्या कडेला टेकले. बारक्याला नुकती मिसरूड फुटत होती, नाव मात्र अजून तेच चिकटून राहिलं होतं.

"काय बघत होतास रे जिन्यावरून?"

बारक्याने गेम थांबवला. "वाट बघत होतो."

"कशाची?"

"तो ओरडायची. पण ओरडलाच नाही, आजोबा. नुसतं तोंड उघडलं. मला वाटलं, याला लागलंच नाहीये. लागलं की माणूस कसा ओरडतो, मला माहितीये ना."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर कान उपटून मोकळं होता आलं असतं. ज्या ओरडण्याची काकांनी जन्मभर वाहवा घेतली, ते या पोराने खरं धरलं होतं.

"खरं दुखतं तेव्हा माणूस असा ओरडत नाही, बाळा."

"मग कसा ओरडतो?"

काका पलंगावरून उठले.

मुलीने गेम कपाटात टाकला. पण रविवारी दुपारी ती बाजारात गेली आणि बारक्याने तो पुन्हा काढला. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अंघोळीला गेले. तिथेच ओल्या फरशीवर पाय सटकला आणि अंगाखाली मुडपला.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

डोळ्यांपुढे अंधारी आली तरी त्यांना कळलं, की तो जिन्याखालचा मुलगा असाच पडला असणार. आणि मग भीती वाटली. आपण ओरडलो नाही तर बारक्याला वाटेल, काही झालंच नाही. त्यांनी कसाबसा डावा हात पोटावर ठेवला, दम गोळा केला आणि स्टुडिओतली किंकाळी फोडली.

आतल्या खोलीतून तशीच्या तशी किंकाळी आली. यातली आपली कुठली, हे खुद्द काकांनाही सांगता आलं नसतं. मग गेम थांबला. घर चिडीचूप झालं. कुणी आलं नाही.

आणि त्यांच्या गळ्याशी तो श्वास आपोआप येऊन थांबला. इतक्या वर्षांची सवय ती, किंकाळीमागून तो यायचाच. काकांनी दात आवळले. हा घेतला की संपलं, असं त्यांना का वाटलं कोण जाणे, पण वाटलं खरं. त्यांनी तो अडवून धरला.

दाराखालच्या फटीत त्यांना पायाची बोटं दिसली. अनवाणी, न हलणारी. बारक्या पलीकडे उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक.

मग कडी न लावलेलं दार हळूच ढकललं गेलं.

"तो श्वास आला नाही," बारक्या म्हणाला. चेहरा पांढराफटक. "मी वाट बघितली. आला नाही, म्हणून..."

तो ओल्या फरशीवर मटकन बसला आणि तळहात त्याने काकांच्या छातीवर दाबून धरला.

"घेऊ नका, आजोबा. तो श्वास घेऊ नका."

दवाखान्यात मुलगी उशाशी बसली होती. "दगड नाही झाला तुझा पोरगा," काका तिला म्हणाले. तिने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

पायाचं हाड जुळल्यावर ते काठी टेकत स्टुडिओत गेले. किंकाळी पूर्वीसारखीच जमली.

"काका, शेवटचं राहिलं," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"ते आता होत नाही."

"गळा धरलाय का?"

"तसंच समज."

गळा ठणठणीत होता. पुढचं काम दुसऱ्या कुणाला गेलं, आणि काकांनी त्याबद्दल घरी चकार शब्द काढला नाही.

हल्ली खुर्चीतून उठताना त्यांच्या पायात कळ येते आणि तोंडून हळूच "आई गं" निघतं. त्यासरशी आतल्या खोलीतला गोळीबार थांबतो. दाराआड कुणीतरी कान देऊन उभं आहे, हे त्यांना न बघता कळतं.

"आहे रे, आहे," काका म्हणतात.

अनवाणी पावलं दारापासून आत जातात. मग गोळीबार पुन्हा सुरू होतो.