अकरा बाप्पांची नजर माझ्यावर

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि एके दिवशी तब्बल अकरा गणपती एकाच वेळी माझ्याकडे टक लावून बघत होते. असं भाग्य कुठल्या मोबाईलला लाभतं?

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मी वाढलो पेणमध्ये. आधी कमळाकरांच्या खिशात कंपनीच्या शिफ्टला जायचो. मग अभ्यासासाठी त्यांच्या लेकीकडे, किमयाकडे आलो. अभ्यास थोडाच झाला. वर्गात बाईंनी काही विचारलं की किमया वहीत डोकं खुपसायची. घरी आली की ती माझ्यातल्या खेळात शिरायची आणि तिथे मात्र चौघांच्या टीमची लीडर व्हायची. टीममधला खांब गावचा तमीम माझ्यातूनच बोलायचा आणि तिला 'कॅप्टन' म्हणायचा. मीही फुशारायचो. पण तापून तापून माझं अंग भाजायचं आणि तिचे डोळे लाल व्हायचे.

किमयाची आई पुतळी गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. यंदा तिने पहिल्यांदाच किमयाच्या हाती बारीक ब्रश दिला. अकरा छोट्या मूर्ती. चार वाजता रोह्याचे सुजयकाका त्या न्यायला टेम्पो घेऊन येणार होते.

किमयाने मला रंगाच्या डब्याला टेकवून उभं केलं. एक डोळा मूर्तीवर, एक तमीमच्या खेळावर. दोन वाजता पुतळी आली. एकेक मूर्ती बघत रांगेच्या टोकापर्यंत गेली.

"किमे, देव कुठं बघतायत गो?"

सगळ्यांची बुबुळं माझ्याच दिशेला सरकली होती.

"मोबाईलकडे," किमया पुटपुटली.

पुतळीला हसू आवरेना. पण हसता हसता तिने ब्रशसाठी हात पुढे केला. "आण इकडं. पुढच्या वर्षी बघू."

किमयाचे डोळे भरले. तिने मला उचललं. मला वाटलं, झालं, आता ही खेळात दडणार. ओरडा बसला की ती नेहमी तेच करायची.

"कॅप्टन, येतेस ना?" तमीमने विचारलं.

"नाय. डोळे चुकलेत. परत काढायचेत."

"म्हणजे हरलीस?"

"चारपर्यंत वेळ हाय," किमया म्हणाली आणि मला रंगाच्या रिकाम्या डब्यात पालथं घातलं. "आई, ब्रश नको घेऊस. मीच चुकवलेत, मीच काढते. मला भीती वाटतेय. पहिल्या मूर्तीला नुसती जवळ बस."

डब्यातून मला फक्त ऐकू येत होतं. चुकलेली बुबुळं झाकायला पांढरा रंग ढवळल्याचा आवाज. पुतळीचं हळूच, "श्वास धर. आता सोड." एकामागून एक मूर्ती सरकवल्याचा आवाज. मग दोघींचं हसणं.

चारला टेम्पोचा हॉर्न वाजला. सुजयकाका म्हणाले, "वहिनी, काय गोड नजर हाय. कुणी काढली?"

"हिलाच विचारा," पुतळी म्हणाली.

"मी काढली," किमया म्हणाली. खणखणीत.

संध्याकाळी तिने मला बाहेर काढलं तेव्हा माझी बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती आणि अंग गारेगार होतं. तिने तमीमला सगळं सांगितलं, दोघं पोट धरून हसले. एक डाव खेळले आणि थांबले.

मित्रांनो, आम्हालाही विश्रांती लागते हो. आणि मन दुखलं की आधी घरातल्या माणसाला हाक मारा. आम्ही तुम्हाला रमवू, पण शेजारी येऊन बसणं आम्हाला जमत नाही.