हात लावायचा नाही

नुजहत पुन्हा पेनाचं टोपण काढून ओसरीच्या खांबाला टेकून बसली. समोर तिच्या दिराची पोर कशफ, वय तीन, हातात चप्पल घेऊन तिच्याकडे बघत होती.

आर्णीच्या कॉलेजात बालविकासाचा कोर्स लावल्यापासून घरात एकच पालुपद होतं, लेकरं वाढवाले कॉलेज कायले पायजे? त्याला उत्तर द्यायचं तर आधी पास व्हायला हवं. आणि उद्या सकाळी विजयमाला मॅडमच्या टेबलावर निरीक्षण पडलं नाही, तर परीक्षेलाच बसता येणार नव्हतं. काम एवढंसं, मूल स्वतः चप्पल घालतं का ते बघायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं.

अन् तेही या घरात! इथं लेकरू शिंकायच्या आधीच कुणीतरी नाक पुसायला धावतं.

सकाळी कशफचा बाप अफरोज गॅरेजातून पान्यासकट धावत आला. "भाभी, पोरगी कवाची खटपट करून राह्यली, अन् तुम्ही नुसत्या पाहून राह्यल्या?" चप्पल घालून दिली आणि पोरीच्या पायावर ग्रीसचा ठसा ठेवून गेला. दुपारी शेजारच्या कांताबाई विरजण मागायला आल्या, त्यांनी जाता जाता वाकून पट्टा लावला. सवय, दुसरं काय.

आता दारात सासूबाई उभ्या होत्या, हजराबी. ओढणीचं टोक दातात धरलेलं.

कशफचा अंगठा पट्ट्यात अडकला. ती कुरकुरली.

"अम्मी, नका ना."

"म्या काई केलं काय? उभी हाओ नुसती." एवढं म्हणेपर्यंत त्या खाली बसल्याही होत्या. "लेकरू रडून राह्यलं अन् तू लिहून राह्यली! तुह्या मॅडमले लेकरंबाळं हायेत का नाही वं?"

चप्पल पायात गेली.

"झालं! करा मले नापास!" नुजहतनं वही आपटून मिटली, पेनासकट काखेत मारली आणि तरातरा स्वयंपाकघरात जाऊन पोळ्यांना भिडली.

दोन पोळ्या झाल्या नाहीत तोच दारात फटक फटक. कशफ आली होती. तिनं चपला काढून पुन्हा घातल्या होत्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात, पट्टे लोंबत.

"कोणं घातली वं?"

"मीनं."

खरंच असणार. या घरातल्या कुण्या मोठ्या माणसानं अशी उलटी घालू दिली असती? नुजहतचा ऊर भरून आला, आणि पुढच्याच क्षणी तिनं पिठाच्या हातानं कपाळ बडवून घेतलं. पाहिलं कुठं होतं तिनं!

तिनं खाली बसून चपला काढल्या. "फिरून घाल, माय. मले पाहू दे."

कशफनं विचार केला. मग फतकल मारून बसली आणि पाय नुजहतच्या मांडीवर ठेवला.

"तू घाल, बडी अम्मी."

तव्यावरून करपल्याचा वास आला. तोवर नुजहतच्या बोटांनी पट्टा लावूनही टाकला होता.

रात्रीपर्यंत खोटं लिहायला पुष्कळ वेळ होता. पण तिनं तिथंच, पिठाच्या बोटांनी वही ओढली. मॅडम उद्या काय म्हणायचं ते म्हणोत.

'मुलीने पाय पुढे केला,' तिनं लिहिलं. 'चप्पल निरीक्षकाने घातली.'