उन्हाचं अजीर्ण

हे कुणी खरं मानणार नाही आणि मानूही नये. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतला होता. पण मळवलीच्या रखमाजीनं मरायला टेकलेल्या मिरवेली आपल्या धोतराच्या जोरावर जगवल्या, हे मी सांगतो म्हणजे झालंच असणार.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मळवली स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर एक बंगला होता. मालकीण पुण्याच्या निवृत्त हेडबाई. राखणीला रखमाजी आणि त्याची बायको बयाबाई, मागच्या दोन खोल्यांत. बाईंनी कोकणातल्या माहेराहून मिऱ्यांचे अकरा वेल आणून परसातल्या जांभळाच्या गच्च सावलीत लावले होते. तीन वर्षं जपल्यावर ते आता कुठे काठ्यांवर चढले होते. होळीआधी पुण्याला परतताना बाई म्हणाल्या होत्या, "रखमाजी, छप्पर गळलं तर चालेल. वेल गेले तर मी दुसरा माणूस बघेन. अक्षय्यतृतीयेला येते."

हेडबाई बोलल्या की बोलल्या. शाळेतली तीन हजार पोरं त्याला साक्षी होती.

आता मावळातल्या माणसाची एक खोड सांगतो. भाताचं रोप टाकायचं तर आधी वाफ्यावर झाडाच्या फांद्या पसरून जाळायच्या, जमीन भाजून काढायची. त्याला राब म्हणतात. होळी झाली की आमच्या माणसाचा हात आपोआप कोयत्याकडे जातो. पानांनी भरलेलं झाड समोर आलं तरी त्याला झाड दिसत नाही, राब दिसतो. रखमाजीचं बंगल्यामागंच एक भातखाचर होतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तो विडी विझवून जांभळावर चढला आणि शेंड्याचा झुपका सोडून सगळं झाड खाली उतरवलं. राब झकास झाला. खाली वेल आहेत याची आठवण त्याला तिसऱ्या दिवशी झाली.

तोवर पानं पिवळी पडली होती. पाचव्या दिवशी त्यातली बरीचशी पांढरी झाली. इतकी पांढरी, की बयाबाई सांजच्याला वाळलेलं धुणं काढायला गेली आणि धुण्याबरोबर वेलाची दोन पानंही घडी घालून घरात घेऊन आली.

"तहानलेत," रखमाजी म्हणाला आणि विहिरीला लागला. सकाळी पन्नास पोहरे, दुपारी पन्नास.

"तहानलेत म्हनं," बयाबाई म्हणाली. "बेडकं पवाया लागली तितं. आता तुमच्याच डोक्यावर वता दोन पोहरं."

पण रखमाजी थांबला नाही. या दोन खोल्या सोडून जायचं नाही, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पाण्यानं काम होत नसेल तर कशानं होतं, तेवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

ते सांगितलं गंगीनं. ही बेडशाच्या वरच्या वाडीवरची, जंगलात वाढलेली बाई. आठवड्यातून एकदा सरपणाची मोळी घेऊन यायची. मोळी टाकून ती वेलांपाशी उकिडवी बसली आणि एकमेकांना चिकटलेली दोन पानं तिनं अलगद सोडवली. वरचं पांढरं फटक. खालचंही पांढरं, पण त्याच्या मधोमध देठाटोकासकट एक हिरवंगार पान रेखल्यासारखं. वरच्यानं जेवढं झाकलं होतं, तेवढंच वाचलं होतं.

"भाऊ, पानी दोगांनाबी सारखंच ना?" गंगीनं विचारलं.

"व्हय."

"मंग हे हिरवं कसं ऱ्हायलं? तुमच्या वेलाला तहान न्हाई लागली. ऊन बाधलंय."

"उनावरच तर झाडं जगत्यात."

"जगत्यात की. पान उनावर रांधतंय. पर सावलीतल्या पानाची चूल बारकी असती. तुमी तिच्यात सगळी होळी कोंबली. भाकर जळली ती जळलीच, चूलबी फुटली. पान रोज आपली चूल लिंपून घेतंय, पर लिंपायच्या आत फुटाया लागली तर ते तरी काय करंल?"

रखमाजी उठून घोंगडी आणायला निघाला. गंगीनं त्याला परत बसवलं. "घोंगडीखाली उपाशी मरत्याल. ऊन पायजेच, पर चाळून."

त्या दिवसापासून रखमाजीनं दुसरं काम केलं नाही. कारवीच्या काठ्यांचा मांडव उभा केला आणि वर करवंदीच्या फांद्या अंथरल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. मावळतीचं तिरपं ऊन तरीही आत घुसायचं. तिकडं त्यानं धोतर बांधलं, मग बयाबाईचं लुगडं, मग डोक्याचं पागोटं. एक फट उरली, तिथं तो स्वतः लंगोटीवर उभा राहू लागला, ऊन कलल्यापासून मावळेपर्यंत, रोज. येणारेजाणारे हसायचे. तो ऊन सरकेल तसा सरकायचा. त्याची सावली तिथं इतकी रुळली, की तो भाकर खायला घरात गेला तरी ती वेलांपाशीच थांबायची.

पांढरी पानं गळाली. पण जी नुसती पिवळटली होती, त्यांच्यावर आठ-दहा दिवसांत हिरवा रंग चढू लागला. मग बोटाच्या पेराएवढे कोंब आले.

"आता दर दोन दिसांनी एक फांदी काढा," गंगी म्हणाली.

"काढू? जीव घालून मांडव केलाय म्या."

"जलमभर लंगोटीवर उभं ऱ्हानार हाय का? नव्या पानाला थोडं थोडं ऊन दावा. ते आपली चूल मोठी करून घेतंय."

रखमाजीनं काढली. पहिली फांदी काढून दोन दिवस तो कोंबांवर डोळा ठेवून बसला. कोंब टिकले, म्हणून दुसरी काढली, मग तिसरी.

अक्षय्यतृतीयेला बाई आल्या. नऊ वेल जगले होते, दोन गेले होते. बाई वेलांपाशी वाकल्या, एकेक नवं पान उलटून पाहिलं. मग मान वर करून त्या बोडक्या जांभळाकडं बघत राहिल्या.

रखमाजीनं हे उत्तर पंधरा दिवस घोटलं होतं. "बाई, खोटं कशाला बोलू? वानरं आलती. चाळीस. न्हाई, साठ असतील. कार्ल्याच्या डोंगरावरनं रांगंनं उतरली. म्होरक्या शेंड्यावर बसून हुकूम सोडायचा आन् बाकीची एक एक फांदी मोडून खाली टाकायची. म्या आडवा गेलो, तर ह्ये बगा, हात ओरबाडलं माजं. निम्मं झाड तर ती खांद्यावर टाकून घेऊन गेली."

बाईंनी बुंध्यावरच्या एका तिरक्या, गुळगुळीत कापावरून बोट फिरवलं.

"रखमाजी," त्या म्हणाल्या, "साठही वानरांकडं कोयता होता म्हणायचा. आणि नेलेल्या फांद्या त्यांनी तुझ्याच खाचरात जाळल्या, मी येताना पाहिलं. त्यांना सांग, पुढच्या होळीला या झाडाकडं बघायचं नाही. आणि ते दोन वेल गेलेत ना, पावसाळ्यात तिथं नवे लावायचेत, तुझ्या हातानं."